मेंढीकोट येतो? मग 'मॅजिक'मधला हा क्रम बघाच

नायगावच्या मेंढीकोटवाल्यांना ठाऊक आहे, कट हुकूम पान पडल्या क्षणी लागू. आधीच्या हातांना तो लागत नाही. रिचर्ड गारफिल्डच्या 'मॅजिक: द गॅदरिंग' (१९९३) या पत्त्यांच्या खेळात मात्र टाकलेल्या पानावर समोरच्याला उत्तर देता येतं आणि शेवटी टाकलेलं पान आधी लागू होतं. १९९९च्या नियमांपासून याला 'स्टॅक' म्हणतात.

समजा तुमच्या २/२ (ताकद २, सहनशक्ती २) अस्वलावर 'लायटनिंग बोल्ट' आला, मार ३. उत्तरात 'जायंट ग्रोथ' टाका: अस्वल आधी ५/५ होतं, बोल्ट नंतर बसतो, अस्वल वाचतं. किती सुंदर! पण ग्रोथ तुम्ही आधी टाकलं आणि त्यावर बोल्ट आला, तर अस्वलही गेलं, पानही वाया. म्हणून नवख्यांनो, ग्रोथ हातात दाबून ठेवा, बोल्ट येऊ द्या.