शेवटचा अर्धा इंच

डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि तिथं काम करणाऱ्या बायका होरपळून गेल्या. तेव्हापासून मेणबत्ती दिसली की ती कुणी आणि कशी केली असेल, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नव्हता. दिवाळीच्या प्रदर्शनांत घरगुती सुगंधी मेणबत्त्यांचे स्टॉल आता फराळाच्या बरोबरीने असतात. नगरला अशाच एका स्टॉलवर मी काचेच्या पेल्यातली मोगऱ्याची मेणबत्ती उचलली, तर समोरच्या ताई म्हणाल्या, "ती नका घेऊ. तिची वात अजून पास व्हायचीय. वासापुरती ठेवलीये नुसती." विकणाऱ्याच्या तोंडून असं वाक्य सहसा येत नाही. म्हणून सावेडीत त्यांच्या घरी गेले.

तळवड्यात फुलबाजीची दारू होती, ती काम करतानाच भडकली. पेल्यातल्या मेणबत्तीचा धोका मात्र करणाऱ्याच्या घरातून निघून घेणाऱ्याच्या घरी जातो. तिथं पडदे असतात, डोक्यावर पंखा असतो, लहान मुलं असतात.

टेबलावर स्टीलच्या ताटात चार पेले जळत होते. सोयाचं मेण तेच, मोगरा तोच, आठ टक्के, पेला तोच. वाती तेवढ्या चार जाडीच्या. मेण वितळवणं, सुगंध मिसळणं, ओतणं हे तासाभराचं काम. मग आठवडा-दोन आठवडे मेण मुरू द्यायचं आणि नंतर परीक्षा. चार तास जाळायचं, विझवून पूर्ण गार होऊ द्यायचं, वात पाव इंचावर कापायची, पुन्हा चार तास. पेल्याचा तळ येईपर्यंत हेच. "चार तास म्हणजे चार तास," ताई म्हणाल्या. "तीन तासांनी विझवली तर मी मलाच फसवलं."

वात बारीक पडली की मधोमध खड्डा होतो, मेण कडेला तसंच राहतं आणि ज्योत स्वतःच्याच डबक्यात बुडते. जाड झाली की टोकाला काजळीचं बोंड धरतं, ज्योत नाचते, काच काळवंडते आणि तापते. वात विकणाऱ्या कंपन्या पेल्याच्या व्यासावरून तक्ता देतात, पण तो फक्त सुरुवातीपुरता. मोगऱ्याला चाललेली वात व्हॅनिलात गुदमरते. रंग घातला की पुन्हा पहिल्यापासून. एका कंपनीचा नंबर दुसरीच्या नंबराशी जुळत नाही, ते वेगळंच.

ताईंच्या सासूबाई पलीकडे फुलवाती वळत बसल्या होत्या. "आमच्या वातीला नाही लागत कसली परीक्षा," त्या म्हणाल्या. खरंच आहे. निरांजनात तूप कमी झालं तर घालता येतं, वात पुढे सारता येते. पेल्यातली वात एकदा बसली की घेणाऱ्याच्या हाती फक्त कात्री उरते. ही वात विणलेली असते. १८२५ मध्ये फ्रान्सच्या कांबासेरेस यांनी ती शोधली. जळताना ती वाकते आणि तिचं टोक ज्योतीच्या कडेला, जिथं हवा मिळते तिथं, जळून जातं. त्याआधी माणसांना मेणबत्तीपाशी बसून जळकं टोक सारखं छाटावं लागे.

माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा तिसऱ्या पेल्याकडे जात होती. तो तळाला आला होता. वरच्या निम्म्यात त्याच्याइतकी देखणी ज्योत दुसरी नव्हती, असं ताईंची वही सांगत होती. नवशिक्यांना हीच भुरळ पडते. पहिल्याच खेपेला मेण काठापर्यंत वितळलं की वात जमली, असं वाटतं. पण ज्योत खाली उतरते तशा काचेच्या भिंती उष्णता कोंडून धरतात. वर जी वात बरोबर असते ती तळाशी जास्त होते. ताईंनी तापमापकाची बंदूक काचेवर रोखली. ७१. त्यांनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा ६० अंशांची. मी हात लावायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं. पेल्यावर झाकण ठेवलं, वहीत काट मारली.

वातीच्या बुडाशी धातूची चकती असते. तिला उंच गळा असतो, तो याचसाठी. मेण गळ्याच्या खाली गेलं की वातीला खाद्य मिळत नाही आणि ज्योत काचेच्या तळाला भिडण्याआधी विझते. तरीही ताईंच्या प्रत्येक लेबलवर ठळक छापलेलं असतं: अर्धा इंच मेण उरलं की पेटवू नका.

मोजून बघायची ही सवय ताईंची जुनी. त्यांचं माहेर हिवरे बाजारच्या शेजारचं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर त्या गावानं पावसाचं पाणी मोजून ग्रामसभेत पिकं ठरवायची शिस्त लावून घेतली, उसाला नाही म्हटलं. "आमच्याकडे आधी मोजायचं, मग पेरायचं, हेच ऐकत वाढले," एवढंच त्या बोलल्या.

अमेरिकेच्या एएसटीएम एफ २४१७ या मानकात मेणबत्ती दहा अंशांच्या उतारावर ठेवून कलंडते का, ज्योतीखेरीज दुसरं काही पेट घेतं का, शेवट कसा होतो, हे सगळं तपासतात. ताई त्यात आपली एक चाचणी घालतात, चालू पंख्याखालची. आपल्या घरांत पंखा बंद करून मेणबत्ती कोण लावतं? आणि मेणावर सुकलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनीचे तुकडे रचून फोटो काढण्याची जी टूम आहे, तिला मी तरी सरपणच म्हणेन.

एका नव्या पेल्यामागे दहा-बारा मेणबत्त्या ताई स्वतःच जाळून टाकतात, त्यामुळे त्यांचा माल महाग पडतो. यंदा एका कार्यालयानं भेटीसाठी मातीच्या कुल्हडातल्या मेणबत्त्या मागितल्या. दिवाळी तोंडावर, चाचणीला वेळ नाही. त्यांनी ऑर्डर नाकारली आणि ती दुसऱ्या कुणीतरी दोन दिवसांत पुरी केली. घरी बोलणी बसली. मला मात्र त्या सौद्यात शहाणं माणूस एकच दिसतं. पुढच्या प्रदर्शनात पेला नाकाशी नेण्याआधी स्टॉलवाल्याला एवढं विचारून बघा: ही तळापर्यंत जाळून पाहिलीत का? आणि उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही बघा.