व्यापारी आणि विद्यालय

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नाशिक शहरांतील विद्यालयांच्या व महाविद्यालयांच्या नांवांकडे लक्ष दिलें, तर त्यांत व्यापाऱ्यांचीं आणि कारखानदारांचीं नांवें बरींच आढळतात. एच. पी. टी. कॉलेज हें नांव आपल्या नित्य तोंडीं असतें; परंतु त्या तीन अक्षरांमागें हंसराज प्रागजी ठाकरसी हे गिरणीमालक उभे आहेत, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते. धनिकांनीं शिक्षणास साहाय्य करावें, ह्याविषयीं कोणाचाच मतभेद नाहीं. खरा प्रश्न त्यापुढला आहे. हें साहाय्य कोणत्या प्रकारचें असावें, आणि तें करणाऱ्यास शाळेंत किती अधिकार असावा? ह्या प्रश्नाचा विचार नुसत्या तर्कानें करण्यापेक्षां प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणांवरून करणें अधिक बरें.

पहिलें उदाहरण मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट ह्यांचें. लोक त्यांस प्रेमानें नाना म्हणत. त्यांचा जन्म १८०३ सालचा. १८२२ सालीं वडील वारल्यामुळें ऐन तारुण्याच्या आरंभींच घरच्या मोठ्या व्यापाराचा भार त्यांच्यावर पडला. त्याच वर्षीं गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांच्या आश्रयाखालीं मुंबईंत शाळा स्थापण्यासाठीं व शालोपयोगी पुस्तकें तयार करण्यासाठीं एक मंडळी निघाली. तीच पुढें १८२७ पासून 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. ह्या मंडळीच्या कामांत नाना शिरले ते कायमचेच. १८२७ सालीं एल्फिन्स्टनसाहेब निवृत्त झाले, तेव्हां त्यांचें स्मारक म्हणून लोकांनीं दोन लक्षांहून अधिक रुपयांचा निधि उभारला. त्या पैशांतून दगडी पुतळा तेवढा न करतां उच्च शिक्षण देणारे अध्यापक आणावे, असें ठरलें, आणि त्यांतूनच पुढें एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आलें.

१८४० सालीं सरकारनें शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठीं 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' नेमलें. त्यांत अध्यक्षांखेरीज तीन सभासद सरकारचे व तीन सोसायटीचे असत. सरकार आणि लोक ह्यांनीं एका मेजाभोंवतीं बसून शाळा चालवाव्या, अशी ही योजना होती. नाना ह्या बोर्डाचे सभासद झाले. व्यापाऱ्याची कसोटी लागली ती येथें. सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष असतां बोर्डांत एक मोठा वाद उपस्थित झाला. पेरी ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, शिक्षणासाठीं मिळणारा पैसा थोडा आहे. सबब तो थोड्या विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या द्वारें उत्तम शिक्षण देण्यांत खर्चावा. नानांस हें मान्य नव्हतें. इंग्रजीचें महत्त्व ते पूर्णपणें जाणत होते. परंतु बहुजनसमाजाच्या मुलांपर्यंत ज्ञान पोहोंचवावयाचें तर तें मराठी, गुजराथी अशा देशभाषांतूनच पोहोंचेल, असें त्यांचें ठाम मत होतें, आणि तें त्यांनीं लेखी नमूद केलें. बोर्डांतील इतर हिंदी सभासद त्यांच्या बाजूस होते. इतकेंच नव्हे, तर गणिताचीं पुस्तकें मराठींत आणणारे जॉर्ज जर्व्हिस हेही त्यांच्या मताचे होते. पुढें १८५४ च्या प्रसिद्ध शिक्षणविषयक खलित्यांत वरच्या शिक्षणास इंग्रजी व खालच्या शिक्षणास देशभाषा असें धोरण ठरलें.

ह्या प्रसंगाचें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. नानांनीं शिक्षणास पैसा दिला, हें खरेंच. पण पैसा देणारे इतरही होते. नानांनीं त्याबरोबर आपला वेळ दिला, वर्षानुवर्षें सभांस हजर राहून कारभारांतील बारकावे पाहिले, आणि वेळ आली तेव्हां अध्यक्षांविरुद्ध बोलण्याचें धैर्यही दाखविलें. तें धैर्य स्वतःच्या फायद्यासाठीं खर्ची पडलें नाहीं. ज्या मुलांचा बोर्डांत कोणीच प्रतिनिधि नव्हता, त्यांच्यासाठीं तें खर्ची पडलें. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली. दुसऱ्याच वर्षीं मुंबईंत एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांच्या सभेनें मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हां नानांनीं आपल्या वाड्यांतच जागा करून दिली. स्त्रीशिक्षणाचें नांव काढतांच लोक बिचकत, अशा त्या काळीं प्रतिष्ठित गृहस्थानें आपलें दार उघडणें ही देणगी रोकड रकमेहून मोठी होती.

१८६५ सालीं नाना वारले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृत विषयासाठीं ठेवलेली शिष्यवृत्ति महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक झाली. १९१२ सालीं ती मिळविणारे विद्यार्थी म्हणजे चिंतामणराव देशमुख. हे पुढें १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि १९५० सालीं भारताचे अर्थमंत्री झाले. व्यापाऱ्यानें लावलेल्या रोपाचें फळ देशाच्या तिजोरीच्या राखणदारांत दिसावें, हा योग मोठा समर्पक नव्हे काय?

दुसरें उदाहरण महर्षि कर्वे ह्यांच्या महिला विद्यापीठाचें. हें विद्यापीठ १९१६ सालीं निघालें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं त्यास १५ लक्ष रुपये दिले, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई ह्यांचें नांव विद्यापीठास मिळालें. येथें देणगीबरोबर नांव आलें. परंतु स्त्रियांस मातृभाषेंतून शिक्षण द्यावयाचें हें मूळ धोरण देणगीनंतरही कायम राहिलें. पाटी बदलली, पण हेतु बदलला नाहीं. आपल्या नाशकांतही असेंच घडलें. १९१८ सालीं स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ सालीं येथें कॉलेज काढलें. तेंच पुढें ठाकरसींच्या नांवानें विख्यात झालें. कुसुमाग्रज ह्याच कॉलेजचे विद्यार्थी. नाशिकच्या मुलास पदवीसाठीं गांव सोडावा लागूं नये, ही सोय शिक्षकांचा निश्चय व धनिकांचें द्रव्य एकत्र आल्यामुळेंच झाली.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. पूर्वीं जें दात्याच्या इच्छेवर होतें, तें आज कांहीं अंशीं कायद्यानें बांधलें गेलें आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणें ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये वा अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान शेंकडा दोन समाजकार्यास लावावे लागतात. आणि त्या कार्यांत शिक्षणाचा समावेश आहे. सरासरी नफा ५ कोटि असेल, तर ही रक्कम १० लक्ष रुपये होते. सातपूर-अंबडकडील कारखाने आणि जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळा ह्या दोहोंकडे पाहिलें असतां, ह्या तरतुदीचा उपयोग किती होऊं शकेल, हें सांगणें नलगे.

परंतु पैसा आला म्हणजे प्रश्न सुटला, असें मात्र नाहीं. एखाद्या खेड्यांतील शाळेस दहा संगणक मिळाले, असें समजा. त्यांचें विजेचें देयक कोण भरणार? यंत्र बिघडलें तर दुरुस्त कोण करणार? गुरुजींस तें चालविण्यास कोण शिकविणार? ह्याची तजवीज नसेल, तर वर्षभरांत ते संगणक कपाटांत जातात, आणि समारंभाचें छायाचित्र तेवढें उरतें. दुसरी अडचण अधिकाराची. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें 'दत्तक शाळा' योजना काढली. तींत दात्यानें सरकारी वा नगरपालिकेची शाळा पांच किंवा दहा वर्षें दत्तक घ्यावी, आणि ठराविक मर्यादेपर्यंत साहाय्य केल्यास आपलें नांव शाळेच्या नांवास जोडावें, अशी मुभा होती. तिच्यावर बराच वाद झाला. शाळांस चांगल्या इमारती मिळतील, असें कोणी म्हणालें; सरकार आपलें कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर टाकीत आहे, असें दुसरे म्हणाले. दोन्हीं म्हणण्यांत तथ्य आहे. दात्याचें साहाय्य हें सरकारच्या कर्तव्यांत भर घालणारें असावें, त्याची जागा घेणारें नसावें; कारण धंद्यास मंदी येते व दात्याचें मन पालटतें, परंतु मुलाचें शिक्षण एक वर्षही थांबूं शकत नाहीं.

ह्यावर उपाय कोणता? पालकहो, तो बऱ्याच अंशीं आपल्याच हातीं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळांतून शाळा व्यवस्थापन समिति ठेविली आहे. तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्मे सभासद स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणें व मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणें, हीं कामें तिच्याकडे आहेत. कारखानदार दारांत येईल, तेव्हां ह्या समितीनें त्याचा सत्कार तर करावाच. पण आपल्या शाळेची खरी गरज कोणती, हें त्यास नीट समजावून द्यावें. रंगीत भिंतींपेक्षां मुलींसाठीं स्वच्छतागृह अधिक निकडीचें असेल, तर तसें स्पष्ट सांगावें. आणि त्याच्याजवळ पैशाखेरीज जें आहे, तेंही मागून घ्यावें. हिशेब कसा ठेवावा, वेळेचें नियोजन कसें करावें, दहा माणसांकडून एक काम कसें करवून घ्यावें, ही विद्या त्याला अनुभवानें आलेली असते. महिन्यांतून एक दिवस त्यानें मुलांस ही विद्या शिकविली, तर ती देणगी कधींच गंजत नाहीं.

विद्यार्थ्यांस एकच सांगावयाचें आहे. नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरील खुर्ची नव्हे. ज्यांस आपलें म्हणणें मांडतां येत नाहीं, त्यांच्या वतीनें सभेंत उभें राहून नम्रपणें पण निश्चयानें बोलणें, हें खरें नेतृत्व होय. तें नानांनीं बोर्डांत करून दाखविलें. तुमच्यांपैकीं कोणी उद्यां मोठा व्यापारी होईल, कोणी कारखाना काढील. त्यावेळीं एखादी गरीब शाळा तुमच्याकडे मदत मागावयास आली, तर तिला द्रव्य अवश्य द्या. पण त्याबरोबर तिच्या सभेला जाऊन बसा, आणि तेथें सर्वांत मागच्या बांकावरील मुलाचा विचार प्रथम करा.