पाण्यात उतरलेले पेट्रोल आणि वस्तीचा हक्क

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर आपला पाण्याचा हक्क बजावला. ती लढाई पाण्याला हात लावण्याची होती. आज तिच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा: हाती आलेले पाणी पिण्यालायक आहे का? इंधनाचे डेपो, पेट्रोल पंपाच्या जमिनीत पुरलेल्या टाक्या आणि पाइपलाइन यांच्या कडेला आपल्या अनेक वस्त्या आहेत. तिथे हा प्रश्न रोजचा आहे.

2013 मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात लोकांच्या विहिरी-बोअरमध्ये इंधन आढळले. जमिनीखालच्या पाइपलाइनला गळती लागली होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि सफाईचे काम कित्येक वर्षे चालले. गळती काही दिवसांत बंद करता येते, पण जमिनीत मुरलेले इंधन इतक्या लवकर निघत नाही.

शरीरावर काय परिणाम होतो?

पेट्रोलमध्ये बेंझिन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. बेंझिन हाडांतल्या मगजावर, म्हणजे रक्त तयार होते त्या जागेवर घाव घालते. त्यातून पंडुरोग होतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे इतके नेहमीचे आहे, की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपवला जातो. दूषित पाण्याच्या वस्तीत डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगा आणि सीबीसी तपासणी करून घ्या.

पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. नाकाला किंवा जिभेला ते कळते, तेव्हा त्याचे प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट असते. म्हणून वास येत नाही, एवढ्यावरून पाणी चांगले ठरवू नका. तुरटी आणि क्लोरीन यांनी बेंझिन जात नाही. असे पाणी उकळू नका. त्याची वाफ घरातच पसरते. विहिरीत काडी पेटवून तर कधीच पाहू नका, भडका उडेल.

सफाईचा आराखडा कसा असावा?

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. ते मातीतून झिरपत भूजलापर्यंत जाते आणि त्यावर तरंगते. त्याचा काही भाग पाण्यात विरघळून वाहत जातो, तर काही वाफ होऊन वर घरांत शिरतो. पावसाळ्यात पाण्याची पातळी वाढते आणि उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर तेलही वर-खाली होऊन मातीचा मोठा थर माखतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून जाते, त्यामुळे जवळची विहीर चांगली आणि लांबची खराब, असेही घडते.

म्हणून आराखड्यात हा क्रम हवा:

1. गळती बंद करणे आणि त्याच दिवसापासून वस्तीला दुसरे पाणी देणे.
2. निरीक्षणासाठी बोअर घेणे. पाणी कोणत्या दिशेला वाहते, हे कळायला किमान तीन लागतात. कोण कुठले पाणी पितो, याची यादी घरोघर जाऊन करावी.
3. माती आणि पाणी किती स्वच्छ करायचे, तो आकडा आधीच लिहून ठेवणे.
4. उपाय निवडणे. तरंगते तेल उपसणे, माखलेली माती काढून तिच्यावर प्रक्रिया करणे, जमिनीतली वाफ ओढून घेणे, पाणी उपसून शुद्ध करणे, तेल खाणारे जिवाणू वापरणे, हे सारे मार्ग आहेत. टेरी या संस्थेने असे जिवाणू आपल्याच देशात तयार केले आहेत.
5. काम संपल्यावर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा तपासणी करणे.

वर नवी माती पसरली, फरशी घातली, म्हणजे सफाई झाली असे होत नाही. उपसलेली माती कुठे टाकणार, हेही विचारा. नाहीतर आपल्या वस्तीतले विष दुसऱ्या वस्तीच्या दारात जाईल.

कायदा कुठे हात देतो?

हरित लवाद कायदा 2010 च्या कलम 20 मध्ये, जो प्रदूषण करतो त्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व आहे. कलम 15 खाली नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी 5 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. महाराष्ट्रासाठी लवादाचे खंडपीठ पुण्यात आहे. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांबद्दल वेगळे नियम काढले. त्यांनुसार संशयित जागांची माहिती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायला हवी आणि सफाईचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल व्हायला हवा.

पाण्याला वास किंवा तवंग दिसला, की तारीख लिहून ठेवा. तहसीलदार आणि प्रदूषण मंडळाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. सफाईचा आराखडा मराठीत, ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवावा, असा आग्रह धरा. त्या बैठकीत पाणी भरणाऱ्या बायका पुढे बसल्या पाहिजेत. कोणत्या हापशाला कधीपासून वास येतो, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. ती माहिती आराखड्यात आली नाही, तर बोअर चुकीच्या जागी पडतील आणि कागदावर स्वच्छ ठरलेले पाणी आपली मुले पीत राहतील.

जय भीम!