आधी पाणी लावा, मग मासे आणा

दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या सातव्या वाढदिवसाला मी तिला फिशटँक दिला. दुपारी दुकानातून काचेची पेटी, फिल्टर, रंगीत खडे आणि बारा मासे असं सगळं एकदमच उचललं. केक कापायच्या आत टँक भरून, दिवा लावून तयार! सगळ्यांनी कौतुक केलं. नवव्या दिवशी त्यातला शेवटचा मासा मेला. "काका, आपण त्यांना खायला तर नीट देत होतो ना?" असं तिनं विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधताना जे शिकलो, ते इथे सांगतो. आज इंदूरच्या आमच्या घरात त्याच टँकमध्ये गप्पी माशांच्या नव्या पिढ्या वाढताहेत.

मासे कशानं मेले?

खायला आम्ही नीटच काय, जरा जास्तच देत होतो. दिवसातून चार वेळा! पाणी गढूळ झालं की मी सगळं पाणी बदलायचो आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढरा करायचो. माझ्या मते ती स्वच्छता होती.

मासे आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. नदीत तो पसरून विरळ होतो, पण बंद पेटीत साचतो आणि माशांना विषासारखा बाधतो. त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच असतं. दुसरा प्रकार नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे थोड्या प्रमाणात मासे सोसतात. हे जिवाणू स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना जमूच देत नव्हतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारत होतं आणि उरलेले माझ्या घासण्यानं जात होते.

हे सगळं आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की रे! तू विरजण न घालताच दही मागत होतास."

यापेक्षा सोपं मलाही सांगता येणार नाही.

दुसरा प्रयत्न

टँक तोच होता, 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच. यात काठोकाठ 55 लिटरच्या आसपास पाणी मावतं. नवशिक्यांनी गोल काचेच्या भांड्याच्या फंदात पडू नये. थोडं पाणी फार लवकर बिघडतं. भरलेला टँक काच आणि खडे धरून 60-70 किलोंच्या घरात जातो, म्हणून टेबल भक्कम हवं. खिडकीतल्या उन्हात ठेवला तर पाणी हिरवं होतं.

आमच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचं किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब टाकायचे. थेंब जास्त भरवशाचे. गप्पींना थोडं जड पाणी मानवतं, त्यामुळे आरओचं पाणी मुद्दाम घालू नका.

मग विरजण घातलं. एका मित्राच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून आमच्या फिल्टरमध्ये ठेवला आणि माशांविना टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकत राहिलो, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. पाच आठवडे पुतणी रिकाम्या टँकसमोर बसून "आज?" असं विचारायची. थेंबांच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, त्या दिवशी आम्ही मासे आणायला निघालो. आणले फक्त तीन गप्पी, एक नर आणि दोन माद्या. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, तिच्यात थोडं थोडं टँकचं पाणी मिसळलं आणि मग जाळीनं मासे सोडले. पिशवीतलं पाणी मात्र फेकून दिलं.

रोजचा नेम

दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. आजीनं सोमवार ठरवून दिला! आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हातानं पिळायचा, नळाखाली नाही. पाणी 24 ते 28 अंश असावं. आमच्याकडे हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा आपोआप बंद होणारा हीटर लागतो. पाणी काढण्याआधी हीटरचं बटण बंद करायला विसरू नका.

बाळंतपण

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि फिकी. साधारण चार आठवड्यांनी मादीचं पोट चौकोनी दिसू लागतं आणि शेपटीकडचा काळा डाग गडद होतो. एका संध्याकाळी पुतणी ओरडली, "काका, काहीतरी पडतंय!" आम्ही तेवीस पिल्लं मोजली. मोजता मोजता आईनंच एक गिळलं. पुतणी रडकुंडीला आली. गप्पी असं करतातच, म्हणून जावा मॉससारख्या दाट वनस्पतीचा आडोसा आधीच हवा. पिल्लांना बोटांनी कुस्करलेलं बारीक खाणं दिवसातून तीन-चार वेळा, अगदी कणभर द्यायचं.

इथे एक सावधगिरी. पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात आणि मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवू शकते. एकटी मादी आणली तरी पुन्हा पुन्हा पिल्लं होतात. आमचा टँक बघता बघता भरला. "तलावात सोडूया, तिथे खूप जागा आहे," पुतणी म्हणाली. मला नाही म्हणावं लागलं. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग त्यांचा वापर करतो हे खरं, पण ते इथल्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातात आणि त्यांच्या खाण्यात वाटेकरी होतात. घरचा मासा आपणहून तलावात सोडू नये.

मग नर आणि माद्या वेगळे केले आणि जास्तीचे मासे तिच्या मैत्रिणींना द्यायचं ठरलं. अट मात्र तिनंच घातली. परवा शेजारची मुलगी डबा घेऊन मासे मागायला आली. पुतणीनं डब्यात टँकचं थोडं पाणी ओतलं, त्यात आमच्या स्पंजचा तुकडा टाकला आणि म्हणाली, "हे आत्ताच फिल्टरमध्ये घाल. मासे पाच आठवड्यांनी."