इंटरनेटचें व्यसन आणि विद्यार्थ्याचें मन

संस्कृतांत व्यसन हा शब्द दुर्गुण आणि संकट अशा दोन्ही अर्थांनीं येतो. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजाच्या व्यसनांचा विचार करतांना मद्यपानाबरोबरच द्यूत आणि मृगया यांचीही गणना केली आहे. मद्य पोटांत जातें. द्यूतांत पोटांत कांहींच जात नाहीं. तरीही जुन्या शास्त्रकारांनीं दोहोंना एकाच पंक्तीस बसविलें. नलराजा सद्गुणी आणि पराक्रमी होता. परंतु फांसे हातीं आल्यावर राज्य जाऊं लागलें तरी त्याला पटावरून उठवेना. महाभारतकारांनीं त्याला दुष्ट ठरविलें नाहीं. शौचाचारांत एके दिवशीं लहानशी चूक झाली आणि तेवढ्या फटींतून कलि त्याच्या अंगांत शिरला, असें त्यांनीं सांगितलें. हल्लीं विद्यापीठांत शिकणाऱ्या कांहीं तरुणांची मोबाइल हातीं आल्यावर जी स्थिति होते, ती समजून घेण्यास ही जुनी दृष्टि उपयोगी पडते. दोष कोणाचा, यापेक्षां कलि कोणत्या फटींतून शिरला, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

भारतांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. त्याच सुमारास अमेरिकेंत त्याच्या अतिरेकाकडे तज्ज्ञांचें लक्ष वेधूं लागलें होतें. किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें १९९८ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिनें तयार केलेली वीस प्रश्नांची कसोटी पुढें अनेक देशांत वापरली गेली. सन २०१६ नंतर भारतांत इंटरनेट अतिशय स्वस्त झालें आणि तें वसतिगृहाच्या प्रत्येक खाटेपर्यंत जाऊन पोहोंचलें.

मग व्यसन ओळखावें कसें? केवळ तासांच्या हिशेबानें तें ओळखतां येत नाहीं. संगणकशास्त्राचा एखादा विद्यार्थी दिवसाचे आठ तास पडद्यासमोर काम करील, संध्याकाळीं खेळावयास जाईल आणि रात्रीं स्वस्थ झोंपेल. दुसरा तीनच तास बसेल. पण ते मध्यरात्रीनंतरचे तीन तास असतील आणि सकाळचें व्याख्यान रोज बुडत असेल. काळजी करावयाची ती या दुसऱ्याची.

जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ति २०१९ सालीं संमत केली व ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तींत पडद्यावरील खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान मिळालें आहे. इंटरनेटच्या एकंदर वापराला मात्र तसें वेगळें नांव तींत नाहीं. त्याविषयीं तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. तरी खेळांच्या बाबतींत सांगितलेलीं तीन लक्षणें पालकांनीं व शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें, केव्हां आरंभ करावा आणि केव्हां थांबावें यावरचा ताबा सुटणें. दुसरें, अभ्यास, मित्र, जेवणखाण या सर्वांहून त्या एका गोष्टीला अधिक महत्त्व येणें. तिसरें, नुकसान स्पष्ट दिसत असतांही तेंच पुढें चालू ठेवणें. हा प्रकार सामान्यतः बारा महिने टिकला म्हणजे तज्ज्ञ त्यास विकार म्हणतात. परीक्षा संपल्यावर चार दिवस खेळांत रमलेल्या मुलाला रोगी ठरविणें हा अन्याय होय.

ताबा सुटतो कसा, याचें उत्तर कबुतरांवरील प्रयोगांतून मिळतें. बी. एफ्. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें पिंजऱ्यांत एक चकती बसविली. कबुतरानें तिच्यावर चोंच मारली कीं दाणा मिळे. दाणा किती चोंचींनंतर मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबूतर अविश्रांत चोंच मारीत राही, आणि दाणा बंद झाला तरी दीर्घकाळ आशा सोडीत नसे. फर्स्टर व स्किनर यांचा या प्रयोगांवरील ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. मोबाइलवर बोट फिरविणाऱ्याची अवस्था याहून फारशी निराळी नाहीं. दहा गोष्टी नीरस निघतात, अकरावी मनोरंजक निघते. आणि ती अकरावी केव्हां येईल हें ठाऊक नसल्यामुळें बोट थांबत नाहीं.

शिवाय पुस्तकाला प्रकरणाचा शेवट असतो, वर्तमानपत्राला शेवटचें पान असतें. तेथें मन क्षणभर थांबून पुढें जावें कीं उठावें याचा विचार करतें. आझा रॅस्किन या अमेरिकन तंत्रज्ञानें २००६ सालीं पान कधींच संपूं नये अशी रचना तयार केली. पुढें तिच्या परिणामांविषयीं त्यानेंच जाहीरपणें खंत व्यक्त केली. थांबण्याची जागाच काढून घेतल्यावर विद्यार्थी थांबला नाहीं, तर केवळ त्याच्या निश्चयाला दूषण देणें रास्त नव्हे.

तथापि हींच साधनें सर्वांच्या हातीं आहेत आणि सर्वच त्यांत बुडत नाहींत. असें कां व्हावें? अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं ज्या कुटुंबांत नवीनच इंटरनेट आलें होतें त्यांची पाहणी रॉबर्ट क्राउट व त्यांचे सहकारी यांनीं केली. अधिक वापराबरोबर एकटेपणा व खिन्नता किंचित् वाढते, असा निष्कर्ष त्यांनीं १९९८ सालीं मांडला. परंतु त्याच मंडळींचा काहीं काळानें पुन्हां शोध घेतला, तेव्हां ते दुष्परिणाम बव्हंशीं ओसरल्याचें आढळलें, आणि हें त्यांनीं २००२ सालीं प्रामाणिकपणें प्रसिद्ध केलें. दुसऱ्या एका गटाच्या पाहणींत त्यांना असें दिसलें कीं, जे स्वभावतः मिळून मिसळून वागणारे होते व ज्यांना आप्तमित्रांचा आधार होता, त्यांना इंटरनेटचा लाभ झाला. जे एकलकोंडे व निराधार होते, त्यांचा एकटेपणा मात्र वाढला.

यांत फार मोठा बोध आहे. पुष्कळदां खिन्नता आधीं असते आणि पडदा हा तिच्यापासून पळण्याचा मार्ग असतो. विद्यापीठाचें वय या दृष्टीनें नाजूक. सांगली किंवा बीड जिल्ह्यांतील खेड्यांतून पुण्यास आलेला मुलगा प्रथमच घराबाहेर राहतो. आजवर मराठींत शिकलेला विषय एकाएकीं इंग्रजींत समोर येतो. गांवच्या शाळेंत पहिला येणारा येथें मागच्या बांकावर जातो. जेवावयास हांक मारणारें कोणी नसतें, आणि नापास झाल्याची लाज घरीं सांगवत नाहीं. खेळांत मात्र तो जिंकतो; तेथें त्याला कोणी हंसत नाहीं. मग जागरण होतें. रात्रींच्या प्रखर प्रकाशानें मेलाटोनिन हा निद्रेस साह्य करणारा स्राव कमी होतो व झोंप लांबते. झोंप अपुरी झाली कीं स्मरण मंदावतें, मन चिडखोर व उदास बनतें. अभ्यास आणखी मागें पडतो, आणि त्या दुःखावर उतारा म्हणून पुन्हां तोच पडदा. कारण आणि परिणाम यांचें हें रहाटगाडगें एकदां फिरूं लागलें म्हणजे तें आपोआप थांबत नाहीं.

म्हणूनच रागाच्या भरांत मोबाइल हिसकावून घेणारा पालक बहुधा फसतो. तो पळण्याचा मार्ग बंद करतो, पण ज्यापासून मुलगा पळत होता तें दुःख तसेंच राहतें. शिवाय प्रवेशाचे अर्ज, परीक्षांचीं वेळापत्रकें, ग्रंथ, सर्व कांहीं आतां इंटरनेटवरच आहे. दारू अजिबात सोडतां येते. अन्न अजिबात सोडतां येत नाहीं, त्यास पथ्यच लागतें. इंटरनेटचेंही तसेंच. निजण्याच्या खोलींत रात्रीं मोबाइल न ठेवणें, सूचनांचे आवाज बंद करणें, कामाची वेळ आधीं ठरवून मगच पडदा उघडणें, आणि रिकाम्या होणाऱ्या वेळीं मैदान, वाचनालय किंवा मित्र यांची योजना करणें, हें तें पथ्य. पालकानें "किती वेळ बसतोस?" असें दरडावण्याऐवजीं "कशानंतर बसावेंसें वाटतें?" असें शांतपणें विचारावें. त्या उत्तरांत फट कोठें आहे तें सांपडतें.

झोंप, भूक आणि आशा हीं तिन्ही हरपलीं असतील, किंवा जगणें नकोसें झाल्याची भाषा तोंडीं येत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां मनोविकारतज्ज्ञाकडे जावें. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेनें २०१४ सालीं या व्यसनासाठीं स्वतंत्र चिकित्सालय उघडलें. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तेथें मराठींतही बोलतां येतें. तापासाठीं वैद्याकडे जाण्यांत जशी लाज नाहीं, तशी मनाच्या दुखण्यासाठींही असूं नये.

नलाच्या अंगांतील कलि शिव्याशापांनीं गेला नाहीं. ऋतुपर्ण राजाकडून नलाला फांशांचें वर्म कळलें, तेव्हां तो बाहेर पडला. आणि तोंवर दमयंतीनें त्याचा शोध सोडला नव्हता. विद्यार्थ्यालाही हींच दोन साह्यें हवीं आहेत: हातांतल्या यंत्राचें वर्म सांगणारा कोणी, आणि त्याचा शोध न सोडणारें कोणी.