काचपेटीतील सृष्टी – लेखांक सातवा : कुंडीतील पिवळे भूछत्र

गेल्या लेखांकात काचपेटीतील आर्द्रतेचा विचार आपण केला. त्याच आर्द्रतेच्या पोटी जन्मणाऱ्या आणि प्राणी पाळणाऱ्याच्या मनात एकाएकी धास्ती उत्पन्न करणाऱ्या एका वनस्पतिसदृश जीवाचा परामर्श आज घ्यावयाचा आहे. युरोप-अमेरिकेत ज्यांच्या घरी न्यू कॅलेडोनियातील क्रेस्टेड गेको ही पाल असते, ते तिच्या पेटीत मनीप्लांटची कुंडी ठेवतात, तिच्यावर नित्य पाण्याचा फवारा मारतात, आणि एखाद्या सकाळी वेलाच्या बुडाशी हळदीने माखलेल्या इवल्या अंड्यासारखे काही वर आलेले त्यांना दिसते. पुढे ते उमलते, पातळ टोपीच्या कडेला बारीक चुण्या उमटतात, देठावर नाजूक कडे दिसते, आणि एकदोन दिवसांत सारे मलूल होऊन मातीवर लोळते.

ल्यूकोकोप्रायनस बिर्नबौमी हे त्याचे शास्त्रीय नाव. पावसाळ्यात आपल्याकडील कुंड्यांतही आढळणारे हे भूछत्र मूळचे उष्ण कटिबंधातले. थंड देशांत ते माणसाने उभारलेल्या उबदार काचगृहांच्याच आश्रयाने पसरले. १८३९ साली कोर्डा या कवकशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली ती प्राग येथील एका काचगृहात, अननसाच्या झाडांमध्ये ते सापडल्यावरून, आणि नाव दिले ते बिर्नबाउम नामक उद्यान-निरीक्षकाचे. काचेशी व कुंडीशी त्याचा घरोबा असा जुना आहे.

डोळ्यांना दिसते ते केवळ फळ होय. खरा जीव म्हणजे मातीत पसरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे. विकतच्या कुंडीमातीतील पीट, झाडाची साल, काथ्या यांबरोबर त्याचे बीजाणू किंवा तंतू बहुधा आधीच आलेले असतात, आणि ऊब व ओल मुबलक मिळताच ते मृत काष्ठांश कुजवून त्यावर पोसतात. जिवंत मुळांना ते हात लावीत नाहीत. म्हणून झाडाविषयी चिंतेचे कारण मुळीच नाही.

परंतु झाडाची निर्धास्ती प्राण्याला लागू करणे ही गंभीर चूक ठरेल. हे भूछत्र माणसाच्या पोटात गेल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात. सरीसृपांवर ते काय परिणाम करील, याची परीक्षा आपल्या आश्रितावर घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. अमेरिकेतील बॉक्स टर्टल हे कासव रानात अळंबी आवडीने खाते, हा दाखला खरा असला तरी पाळीव कासवाला कुंडीतले भूछत्र चरू देण्याचा तो परवाना नव्हे. शाकाहारी कासवे व इग्वाना यांच्या पेटीत तर खबरदारी दुप्पट हवी.

तेव्हा बंदोबस्त असा करावा : टोपी उमलण्यापूर्वीच भूछत्र देठासकट उपटून पेटीबाहेर टाकावे आणि हात स्वच्छ धुवावेत, मातीचा वरचा थर दोन फवाऱ्यांमध्ये सुकू द्यावा, गळलेली पाने वेचावीत, झडपांतून हवा खेळती ठेवावी. बुरशीनाशक औषध मात्र पेटीत कदापि वापरू नये, कारण त्याचा अंश पाल चाटते त्या पानांवर राहतो. एवढे करूनही भूछत्रे पुनःपुन्हा उगवत राहिली, कारण तंतुजाल मातीतच असते, आणि पेटीतला प्राणी ती खाणाऱ्यांपैकी असला, तर कुंडीच बाहेर काढावी. झाडाला खिडकीतही जगता येते, प्राण्याला मात्र आपण देऊ त्याच जागेत जगावे लागते.

पुढील लेखांकात मातीतील बुरशी खाणाऱ्या स्प्रिंगटेल या सूक्ष्म कीटकसदृश जीवांचा विचार करू.