कडू औषध आणि धपाटा

नवी पेठेतून आणलेले औषध एक भावंड मुकाट गिळते, दुसरे थुंकते. थुंकणाऱ्याला धपाटा बसतो. माता-भगिनींनो, थांबा!

१९३१ साली अमेरिकेत फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना मुळीच नाही. माणसाच्या जिभेत कडू ओळखणारी सुमारे २५ प्रकारची 'कुलपे' असतात. त्यांची घडण आईबापांकडून येते, तरी सख्ख्या भावंडांतही फरक पडतो.

कोणत्या रेणूची किल्ली कुठल्या कुलपात बसेल, हे शास्त्रज्ञ संगणकावर कुलपाची प्रतिकृती करून आजमावतात, मग प्रयोगाने पडताळतात. कडूपणा अडवणारा रेणू सापडला, तर लेकरांचे औषध अर्धवट सुटणार नाही.

तथागतांनीही पडताळूनच स्वीकारायला सांगितले. तोवर धपाटा नको. दुसरे औषध चालेल का, डॉक्टरांना विचारा. जयभीम!